मुलीसाठी, मुलासाठी आणि स्वतःसाठी: एकट्याने चालवायची शिडाची होडी निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यात राहता आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईला जाणे आपल्याला सहज जमते. मुलगी नऊ वर्षांची असून तिचे वजन 26 किलो आहे, मुलगा चौदा वर्षांचा आणि 47 किलोचा आहे, तर आपण स्वतः 76 किलोचे आहात. तिघांनाही एकट्याने चालवायची शिडाची होडी शिकायची आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे मोठ्या शिडाची एक जुनी लेझर, म्हणजे मोठ्या मुलांची व प्रौढांची एकट्याने चालवायची होडी, स्वस्तात मिळत आहे. मुलीसाठी ऑप्टिमिस्ट, म्हणजे लहान मुलांची शिकाऊ होडी, घेतली तरी ती तीन-चार वर्षांत लहान पडणार असेल, तर तिघांना मिळून ही एकच होडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

मुलीपुरते उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मुलासाठी आणि आपल्यासाठी ती होडी चालेल, परंतु तिच्यासोबत येणाऱ्या शिडावर नव्हे. आणि मुलीसाठी या वर्षी काहीही विकत घेऊ नये, तिने क्लबच्या ऑप्टिमिस्टमध्ये शिकावे, असा माझा सल्ला आहे. मुंबई बंदरात आणि धरणांच्या पाण्यावर मुलांना शिकवताना पालकांकडून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो, म्हणून कारणे जरा विस्ताराने मांडतो.

या लहान होड्यांच्या तळाला मोठ्या नौकांसारखे शिसे किंवा लोखंड नसते. वारा शिडावर दाब देतो, होडी कलू लागते, आणि तिला सरळ ठेवण्यासाठी चालवणाऱ्याच्या शरीराखेरीज दुसरे वजन उपलब्ध नसते. त्यामुळे होडी वयावरून निवडायची नसते आणि उंचीवरूनही पुरती निवडता येत नाही. ती वजनावरून निवडायची असते. आपल्या घरातील आकडे घेऊन हिशेब करू. आपण 76 किलोचे, लेझरचे मोठे शीड 7.06 चौरस मीटरचे. म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण 0.09 चौरस मीटर कापड आले. तेच शीड मुलीच्या हाती दिले, तर प्रत्येक किलोमागे 0.27, म्हणजे आपल्या तिप्पट कापड होते. ऑप्टिमिस्टचे शीड सुमारे 3.3 चौरस मीटरचे असल्याने तिथे हे प्रमाण 0.13 वर येते. तेही आपल्यापेक्षा जास्तच आहे, परंतु ऑप्टिमिस्टचा चौकोनी पेटीसारखा तळ स्वतःहून बराच स्थिर असतो आणि तिची डोलकाठी आखूड असल्यामुळे वाऱ्याचा दाब खालच्या उंचीवर पडतो, म्हणून ते निभावते.

यात आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा 8 नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 12 नॉटवर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर शिडावरचा दाब सव्वादोन पट होतो. सकाळी मुलगी मोठी होडी छान चालवताना दिसली आणि दुपारी तीच होडी तिला फरपटत नेऊ लागली, यात नवल नाही. अशा वेळी मूल शीड सैल सोडून स्वस्थ बसायला शिकते. वाऱ्याशी खेळायला ते शिकत नाही, आणि पुढच्या रविवारी त्याचे पोट दुखू लागते. वाढत्या अंगाचे म्हणून एक माप मोठे कपडे घेण्याची आपल्याकडची सवय शाळेच्या गणवेशापुरती ठीक आहे. होडीत ती चालत नाही.

आता ऑप्टिमिस्टविषयी. तिच्या रूपाला पालक नाके मुरडतात, कारण समोरून ती कापून टाकल्यासारखी सपाट दिसते. या सपाटपणामागे इतिहास आहे. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे क्लिफर्ड मॅके यांनी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्या कारागिराला मुलांसाठी एक होडी आखायला सांगितली. तिथली मुले उतारावरून घरगुती लाकडी गाड्यांच्या शर्यती लावत. तसेच काहीतरी पाण्यावर, पन्नास डॉलरच्या आत आणि घरच्या घरी बांधता येईल असे हवे होते. प्लायवूड चार फूट बाय आठ फुटांच्या तक्त्यांत मिळत असे. टोकदार नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, करायला गेले, तर होडीची लांबी त्या तक्त्यात बसेना, म्हणून नाळ सपाट कापली गेली. ऑप्टिमिस्ट क्लब या तिथल्या सेवाभावी संस्थेने या उपक्रमाला पाठबळ दिले आणि त्याचेच नाव होडीला मिळाले. 1954 मध्ये ॲक्सेल डॅमगार्ड यांनी ही कल्पना डेन्मार्कला नेली, तिथून ती युरोपभर पसरली, आणि 1965 मध्ये या वर्गाची, म्हणजे या प्रकारच्या होड्यांची, आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज ही होडी फायबरग्लासची असते. लांबी 2.36 मीटर, रुंदी 1.12 मीटर आणि मोकळ्या सांगाड्याचे, म्हणजे शीड व दांडे सोडून नुसत्या होडीचे, वजन 35 किलो. दोन मोठी माणसे ती सहज उचलतात, आणि तिची डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) व स्प्रिट हे तिन्ही दांडे इतके आखूड असतात की होडीच्या पोटातच ठेवता येतात. या वर्गाच्या शर्यतींत ज्या वर्षी मूल पंधरा वर्षांचे होते त्या वर्षाअखेरपर्यंतच भाग घेता येतो.

तिचे शीड त्रिकोणी नसते, चौकोनी असते, आणि त्याचे वरचे मागचे टोक स्प्रिट नावाच्या तिरक्या दांड्याने ताणलेले असते. ही रचना जुनाट वाटते. पण शिकण्याच्या दृष्टीने तिच्याइतकी बोलकी रचना दुसरी नाही, असे माझे मत आहे. स्प्रिटचा ताण कमी असेल, तर डोलकाठीच्या वरच्या टोकापासून बूमच्या मागच्या टोकाकडे जाणारी एक तिरकी सुरकुती पडते. ताण जास्त झाला, तर सुरकुती उलट दिशेने, म्हणजे शिडाच्या सर्वांत वरच्या मागच्या टोकापासून डोलकाठीच्या तळाकडे येते. नऊ वर्षांच्या मुलीला वायुगतिशास्त्र सांगायची गरज नसते. 'सुरकुती कुठून कुठे जाते ते बघ आणि दोरी ओढ किंवा सोड' एवढे पुरते, आणि दोन-तीन आठवड्यांत ती दुसऱ्यांच्या शिडांतील चुका दाखवू लागते. मोठ्यांना हे जमायला जास्त वेळ लागतो, कारण ते शिडाऐवजी प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघतात.

एकट्याने चालवायच्या होडीचा खरा फायदाही इथेच आहे. एका हातात सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, आणि दुसऱ्या हातात शीड आवळणारी दोरी, म्हणजे मेनशीट. होडी थांबली, तर ती का थांबली याचे उत्तर त्या दोन हातांपैकी एकात असते. दोघांच्या होडीत लहान मूल बहुधा पुढे बसून मोठ्याच्या आज्ञा पाळते. त्याला दोऱ्या ओढता येतात, पण वारा कुठून येतो हे त्याच्या मानेला आणि गालाला कळत नाही. ब्रिटनचे बेन एन्स्ली आणि ब्राझीलचे रॉबर्ट शाइट हे दोघेही बालपणी ऑप्टिमिस्टमध्ये शिकले आणि पुढे लेझरमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकापर्यंत पोहोचले. आपल्या मुलीला पदक मिळवायचे असेल किंवा नसेल, पण शिकण्याचा क्रम तोच राहतो.

ऑप्टिमिस्टची एक अडचण मात्र आधीच माहीत हवी. ती उलटली की सरळ करणे अवघड नसते. मुलाने पोहत तळाच्या बाजूला जायचे, मधोमध बाहेर आलेल्या डॅगरबोर्डच्या फळीवर वजन द्यायचे, आणि होडी वर येताच आत चढायचे. परंतु सरळ झालेली ऑप्टिमिस्ट काठोकाठ पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी हाताने उपसावे लागते. म्हणून पाणी उपसण्याचे भांडे होडीला दोरीने बांधलेले असणे सक्तीचे आहे. ते सुटून वाहून गेले, तर मूल तासभर ओंजळीने पाणी काढत बसेल. होडीत हवेच्या तीन पिशव्या असतात, एक मागे आणि दोन बाजूंना. पाण्यात उतरण्याआधी त्या प्रत्येक वेळी दाबून बघाव्यात. डोलकाठी तळाच्या खोबणीत पक्की बांधलेली नसेल, तर होडी पूर्ण पालथी झाल्यावर ती निसटते, आणि होडी सरळ करताना वरची आडवी फळी तडकू शकते. हे काम एका साध्या दोरीचे किंवा छोट्या क्लॅम्पचे आहे, आणि मी पाहिलेल्या मोडतोडीपैकी बरीचशी केवळ ते न केल्यामुळे झाली होती.

आता मुलगा. चौदाव्या वर्षी त्याला ऑप्टिमिस्टमध्ये बसवण्यात अर्थ नाही. गुडघे बूमला लागतील आणि वर्षभरात वयोमर्यादाही येईल. 47 किलोच्या मुलासाठी लेझरचाच सांगाडा, पण 4.7 चौरस मीटरच्या शिडासह, हे योग्य माप आहे. या होडीची रचना कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी केली आणि 1971 पासून ती बाजारात आहे. अलीकडे तिचे अधिकृत नाव आयएलसीए (तिच्या वर्गाच्या संघटनेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे) झाले आहे, तरी आपल्याकडे सगळे तिला लेझरच म्हणतात. तिची लांबी 4.2 मीटर आणि सांगाड्याचे वजन 59 किलो आहे. तिची हुशारी अशी की सांगाडा एकच राहतो आणि डोलकाठीचा खालचा भाग व शीड एवढेच बदलून तीन वेगळ्या होड्या मिळतात: आयएलसीए 4 चे शीड 4.7, आयएलसीए 6 चे 5.76 आणि आयएलसीए 7 चे 7.06 चौरस मीटरचे. वजनाचा ढोबळ अंदाज सांगायचा तर पहिले 35 ते 55 किलोंच्या मुलांना, दुसरे 55 ते 70 किलोंना आणि तिसरे त्यापुढच्यांना शोभते. डोलकाठीचा वरचा भाग तिन्हींना सामाईक असतो.

म्हणजे ती जुनी होडी चांगल्या स्थितीत असेल, तर तिच्यासाठी आयएलसीए 4 चा खालचा दांडा व शीड वेगळे घ्यावे, आणि मुलाची सोय होईल. 4.7 चौरस मीटर भागिले 47 किलो हा हिशेब बरोबर 0.1 येतो, जवळपास आपल्या स्वतःच्या प्रमाणाइतका. हा वर्ग केवळ पोरखेळ आहे असेही समजू नये. 2023 मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मध्य प्रदेशच्या नेहा ठाकूर यांनी मुलींच्या आयएलसीए 4 प्रकारातच रौप्यपदक मिळवले. त्यांचे शिक्षण समुद्रावर नव्हे, तर भोपाळच्या तलावावर झाले होते. त्याच स्पर्धेत विष्णू सरवणन यांनी पुरुषांच्या आयएलसीए 7 मध्ये कांस्यपदक मिळवले. पुण्यातल्या पालकांनी 'आमच्याकडे समुद्र नाही' म्हणण्याआधी भोपाळचा विचार करावा.

आपल्या स्वतःबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. 76 किलो वजनाला मोठे शीड मापाचे आहे, पण ते शिकलेल्या माणसाला. लेझरची बैठक अरुंद आहे, बूम फार खालून जाते आणि वळताना अंग दुमडून तिच्याखालून जावे लागते. चाळिशीच्या पाठीला आणि गुडघ्यांना हे पहिल्या दिवशी आवडत नाही. पहिला मोसम आयएलसीए 6 च्या शिडावर काढावा. वेग किंचित कमी मिळेल, पण आपण पाण्यात कमी आणि होडीत जास्त राहाल. शक्य असल्यास आधी काही दिवस क्लबच्या एखाद्या रुंद, दोघांच्या होडीत प्रशिक्षकासोबत बसून टिलर हाती घ्यावे. या होडीची जमेची बाजू अशी की ती उलटून सरळ झाल्यावर बैठकीतले पाणी चालू होडीत आपोआप निघून जाते, उपसावे लागत नाही. बाप-लेकाने एकच सांगाडा वापरायचा, तर दोघे एकाच वेळी पाण्यावर नसतील. माझ्या मते हे उत्तमच आहे, कारण एकाने किनाऱ्यावर राहून दुसऱ्याकडे लक्ष ठेवता येते.

इतर होड्याही आहेत. इयान प्रॉक्टर यांनी आखलेली टॉपर, किंवा ओपन स्किफ आणि आरएस टेरा, या प्लास्टिकच्या, दणकट आणि आपोआप पाणी निचरणाऱ्या होड्या मुलांना फार आवडतात. खडकाळ किनाऱ्यावर त्या फायबरग्लासपेक्षा जास्त टिकतातही. परंतु आपल्या भागात जी होडी आणखी दहा मुलांकडे आहे तीच निवडावी. सुटा भाग मोडला तर शेजारच्याकडे मिळतो, सराव बरोबरीने होतो, आणि आपले मूल मागे पडते की पुढे जाते हे घड्याळाशिवाय कळते. एकट्याची होडी एकट्यानेच, दुसऱ्या होड्यांशिवाय चालवणारे मूल फार काळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

मुंबईच्या पाण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण होडीपेक्षा ते जास्त महत्त्वाचे आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा काळ हा इथला मोसम. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, अकरा-बाराच्या सुमारास ते पडतात, आणि मग वायव्येकडून खारे वारे सुरू होऊन दुपारी तीनपर्यंत चांगला जोर धरतात. मार्च ते मे या काळात दुपारचा वारा आणखी तिखट असतो. नवशिक्यांचा वर्ग म्हणूनच सकाळच्या शेवटच्या आणि दुपारच्या पहिल्या टप्प्यात घ्यावा, आणि पाण्यावर पांढरे तुरे सगळीकडे दिसू लागले की लहान मुलांना परत बोलवावे. तुरे सर्वत्र दिसणे म्हणजे वारा साधारण 11-12 नॉटच्या पुढे गेला आहे.

वारा दिसतो, भरती-ओहोटी मात्र नवख्याला दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबई बंदरात पाण्याची चढउतार साडेचार मीटरच्या आसपास जाते, आणि ते सगळे पाणी बंदराच्या तोंडातून आत-बाहेर जाताना दोन-अडीच नॉटचा ओढा तयार होतो. मंद वाऱ्यात ऑप्टिमिस्टचा स्वतःचा वेग त्यापेक्षा जास्त नसतो. त्यामुळे मुलीच्या शिडात वारा भरलेला असतो, नाळेसमोर पाणी खळखळत असते, आणि तरीही बांधलेल्या बोयाच्या, म्हणजे तरंगत्या खुणेच्या, तुलनेत होडी मागे, समुद्राकडे सरकत असते. या परिस्थितीत कौशल्य उपयोगी पडत नाही, वेळापत्रक उपयोगी पडते. पहिले काही आठवडे भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, आणि शक्यतो भरती चढत असताना पाण्यावर जावे, म्हणजे वारा पडला तरी ओढा होडीला आत आणतो. घरी भिंतीवर पंचांग असेल, तर आठवड्याचा बेत त्यातल्या तिथीवरूनच करता येतो. नेमकी वेळ मात्र भरतीच्या छापील तक्त्यावरून घ्यावी. ओहोटीला चिखल आणि खडक उघडे पडतात, आणि खडकांवरची कालवे (धारदार शिंपले) अनवाणी पायाला पात्यासारखी कापतात, म्हणून बंद बूट लागतातच.

धरणाच्या पाण्याचे तंत्र निराळे असते. तिथे ओढा नाही, लाटा नाहीत, आणि मूल भिजून काठावर आले तरी ते खारट आणि चिडलेले नसते. परंतु सभोवतालच्या डोंगरांमुळे वारा झुळकांनी येतो आणि दर मिनिटाला दिशा बदलतो. शिकण्यासाठी मला हे पाणी अधिक आवडते, कारण त्यात मूल पाण्यावरचे काळे पट्टे वाचायला शिकते: गडद खरखरीत पट्टा सरकत येतो, तो पोहोचण्याआधीच अंग बाहेर झुकवायचे आणि शीड जरा सोडायचे. पाण्याखाली बुडालेली झाडे आणि मासेमारीची जाळी यांचा धोका स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि सांडव्याच्या बाजूला कधीही जायचे नसते. पुण्याजवळची बहुतेक धरणे पिण्याच्या पाण्याची असल्याने स्वतःची होडी गाडीवर टाकून कुठेही उतरवता येत नाही, परवानगी लागते. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवताना दिसतात, तेही त्यांच्या हद्दीत. म्हणून क्लबमार्फतच जावे. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब आहे, मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, गोव्यात राज्याची यॉटिंग संघटना आहे; प्रवेशाचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात, ते प्रत्यक्ष विचारून घ्यावेत.

क्लब बघायला जाल तेव्हा होड्यांकडे नंतर बघा. आधी बचावाची मोटरबोट बघा. इंजिन एका झटक्यात सुरू होते का, पाण्यात पडलेल्या मुलाजवळ जाताना चालक इंजिन बंद करतो का, आणि होडीत दोरी कापायला सुरी आहे का, हे तीन प्रश्न मी स्वतः विचारतो. एका प्रशिक्षकामागे सहापेक्षा जास्त नवशिकी मुले असतील, तर मी माझे मूल तिथे पाठवणार नाही. पोहणे यायलाच हवे: कपडे आणि तरंगण्याचे जॅकेट घालून पन्नास मीटर, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोंडावर पाणी आले तरी न घाबरणे. जॅकेट फोमचे घ्यावे, हवा भरून फुगणारे नको. पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या मुलाला 50 न्यूटन तरंगशक्तीचे पुरते. खांद्याच्या पट्ट्यांना धरून मुलाला वर उचलून बघावे. जॅकेट कानापर्यंत वर सरकले तर ते मोठे आहे. इथेही वाढत्या अंगाचा विचार नको, आणि लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा.

शिकवण्याच्या क्रमाबद्दल एवढेच सांगतो की पहिल्या दिवशी मुलीला मुद्दाम होडी उलटवायला लावणारा प्रशिक्षक चांगला. भीतीचे मूळ होडी उलटण्यात नसते, ती उलटल्यावर काय होते हे माहीत नसण्यात असते. त्यानंतर दोन बोयांमध्ये आडव्या वाऱ्यावर नुसत्या येरझाऱ्या घालायच्या असतात. त्यात सुकाणू, शीड आणि वळणे एकदम येतात. 'काही कळेनासे झाले तर दोन्ही हात मोकळे सोड' हा नियम आधी पक्का व्हावा, कारण हात सोडताच होडी वाऱ्याकडे तोंड करून शीड फडफडत थांबते. थेट वाऱ्याच्या दिशेला दोन्ही बाजूंनी सुमारे 45 अंशांच्या आत अशी शिडाची होडी जात नाही. तिकडे जायचे तर नागमोडी जावे लागते, आणि हे अंगवळणी पडायला बहुतेक मुलांना काही आठवडे लागतात. या काळात पालकांनी किनाऱ्यावरून सूचना ओरडू नयेत. वाऱ्यात शब्द अर्धेच पोहोचतात, आणि मुलगी शिडाकडे बघायचे सोडून आपल्याकडे बघते.

शेवटी त्या जुन्या होडीची तपासणी. सर्वांत आधी डोलकाठी बसते ती खोबण पाण्याने काठोकाठ भरावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. पाणी खाली गेले, तर खोबणीचा तळ सांगाड्यात गळत आहे, आणि जोराच्या वाऱ्यात डोलकाठी तळासकट उपटून येऊ शकते. अशी होडी स्वस्तात मिळाली तरी दुरुस्तीचा खर्च आधी विचारावा. मग मागची बूच काढून होडी तिरकी करावी. पेलाभर पाणी निघाले तर काळजी नको, बादलीभर निघाले तर सांध्यांची तपासणी करून घ्यावी. सांगाडा काट्यावर ठेवून वजन करता आले तर उत्तम: 59 किलोंपेक्षा पाच-सहा किलो जास्त भरले, तर आतील फोमने पाणी प्यायले असण्याची शक्यता मोठी. बैठकीच्या तळावर आणि पुढच्या डेकवर टाचेने हलके दाबत फिरावे. जिथे पृष्ठभाग लवतो आणि करकरतो तिथे थर सुटले आहेत. ओरखडे, फिका पडलेला रंग आणि डॅगरबोर्डच्या कडेचे टवके यांच्याकडे दुर्लक्ष करावे. डोलकाठीच्या ॲल्युमिनियमवर स्टीलच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी दिसली, तर मात्र तो दांडा बदलायचा हिशेब धरावा, कारण खाऱ्या हवेत तो तिथेच मोडतो. सोबत येणारे मोठे शीड जुने आणि मऊ पडलेले असेल, तर त्याची किंमत शून्य धरूनच बोलणी करावीत. सांगाडा हलवण्यासाठी दोन चाकांची हातगाडी सोबत मिळते का, हेही विचारावे. ती नसेल, तर 59 किलो वाळूवरून ओढताना तळ खरडला जाईल.

होडी घेतलीच, तर खाऱ्या पाण्यावरून आल्यावर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावी, शीड गुंडाळून ठेवावे, घडी घालू नये, आणि सावलीत वाळवावे. जूनच्या पहिल्या पावसाआधी सांगाडा पालथा करून, बूच उघडी ठेवून, जमिनीपासून फूटभर वर ठेवावा. शीड क्लबच्या कोठीत ठेवू नये, घरी न्यावे. ओलाव्याने बुरशी येते, आणि त्याहून वाईट म्हणजे उंदरांना ते कापड घरट्यासाठी फार पसंत पडते.